भट्टीवर नाव कोणाचं?
(वसई येथील वार्षिक मेळाव्यात केलेलं भाषण)



आमची मुलगी बर्मिंगहॅमला असते. गेल्या जुलैत आम्ही दोघं तिच्याकडे होतो. एका रविवारी मिस्सा झाल्यावर जावईबापूंनी आम्हा सगळ्यांना कोलब्रुकडेल नावाच्या गावी नेलं. तिथे लोखंड गाळण्याची जुनी भट्टी जपून ठेवली आहे. पाऊस लागू नये म्हणून तिच्यावर इमारत उभारली आहे. इतकी जपणूक!

या भट्टीत १७०९ साली अब्राहम डार्बी यांनी कोक वापरून लोखंड गाळलं. कोक म्हणजे भाजून गंधक काढून टाकलेला दगडी कोळसा. त्याआधी या कामाला लाकडी कोळसाच लागे. तो नुसती आच देत नाही, खनिजातला प्राणवायूही ओढून घेतो, तेव्हा कुठे लोखंड सुटं होतं. म्हणजे जिथे लोखंडाची भट्टी, तिथे रानात कोळसा पाडणारी माणसं असणारच. डार्बी हे क्वेकर पंथाचे, भाविक गृहस्थ. त्यांच्या नातवाने १७७९ साली जवळच्या सेव्हर्न नदीवर बिडाचा पूल उभारला. जगातला तो पहिला मोठा लोखंडी पूल. आम्ही त्यावरून चालत गेलो. नातवंडं खूश झाली.

भट्टीच्या तुळईवर अक्षरं ओतलेली आहेत : अब्राहम डार्बी, १७७७. हा तो नातू. मी फोटो काढत होतो. आमच्या ह्यांनी आपल्या आश्रमशाळेत वीस वर्षं शिकवलंय, त्यांची नजर वेगळीच. त्या म्हणाल्या, "अहो, नाव मालकाचंच आहे. कोळसा पाडणाऱ्यांचं कुठाय?"

मी काही बोललो नाही. कारण मला माझ्या वडिलांची चोपडी आठवली.

घरोघरी गॅस येण्याआधी वसईत लाकडाच्या आणि कोळशाच्या वखारी होत्या. माझे वडील अशाच एका वखारीत मुनीम होते. त्यांचं अक्षर मोत्यासारखं. चोपडीत व्यापाऱ्याचं नाव, गाडीवानाचं नाव, पोत्यांचं वजन, सगळं नीट लिहिलेलं. आणि भट्टीवरच्या माणसांपुढे फक्त एवढंच : 'कातकरी, ८'. पुढे उचलीची रक्कम. वडील वाईट नव्हते. दर रविवारी देवळात पहिल्या बाकावर बसत. पण आठ माणसांना नावं असतात, हे त्यांना कधी सुचलं नाही. त्याच वखारीच्या पगारावर मी शिकलो.

लोखंडाची विद्या आपल्याकडेही होती. नागपूरजवळ नायकुंडला उत्खननात इसवी सनापूर्वीची लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. महाबळेश्वरचे धावड जांभ्यातून लोखंड काढत. इंग्रजांनी जंगलावर निर्बंध आणले, कोळसा मिळेना, आणि त्यांच्या भट्ट्या विझल्या. खैराचा कात करणारा म्हणून कातकरी. त्याच्याही हातून जंगल गेलं, आणि तो दुसऱ्याच्या भट्टीवर मजूर झाला.

कोलब्रुकडेलची भट्टी विझली, तिचं संग्रहालय झालं. आपल्याकडची विझलेली नाही. दिवाळी झाली की आजही कातकरी कुटुंबं कोळसा पाडायला घाटावर जातात, काही वीटभट्टीवर. लाकडं रचायची, पाला घालायचा, माती लिंपायची आणि आतून धुमसत ठेवायचं. रात्रभर जागावं लागतं. कुठे भेग पडून वारा शिरला तर सगळ्याची राख होते. आणि राख झाली तर ती मजुराच्या खात्यावर. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली. आपल्याच तालुक्यात श्रमजीवी संघटनेने तिच्याविरुद्ध लढा दिला. वीटभट्ट्यांवर मुलांसाठी भोंगा शाळा चालल्या. तरी उचल संपलेली नाही.

पवित्र शास्त्रात अनुवादाच्या पुस्तकात मिसर देशाला लोखंड गाळण्याच्या भट्टीची उपमा दिली आहे. देवाने आपल्या लोकांना त्या भट्टीतून बाहेर काढलं. भट्टीतच त्यांना जरा थंड पाणी पाजून तो थांबला नाही.

म्हणून माझं एकच मागणं आहे. आपण दिवाळीनंतर मुलांना वसतिगृहात ठेवायला सांगतो. पण तोवर उशीर झालेला असतो. उचल घेतली जाते ती श्रावण-भाद्रपदात, घरातलं धान्य संपतं तेव्हा. तेव्हाच पाड्यावर धान्य पोचलं पाहिजे, आणि आजारपणाला चार पैसे बिनव्याजी मिळाले पाहिजेत. कुटुंबाने उचल घेतली नाही तर मुलाला शाळेत ठेवा म्हणून विनवावं लागणार नाही. वडिलांच्या पगारातून मी जे शिकलो त्याची परतफेड म्हणून या पावसाळ्यासाठी पहिली रक्कम मी आज फादरांकडे दिली आहे.

आणखी एक. या कामासाठी आपण जी वही घालू, तिच्यात आकडे नंतर लिहू. आधी नाव लिहू, पूर्ण. बापाचं, आईचं आणि मुलाचं.

देव आपणां सर्वांचं भलं करो.