न उतरणारा शीण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मला बसून बोलण्याची परवानगी मिळाली, याबद्दल मी आपली आभारी आहे. ती का मागावी लागली, हाच माझा विषय.

शीण आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही? घरचे लग्न पार पडले की अंग आंबून जाते. पण तो शीण झोपेने उतरतो. २०२१ साली मला कोविड झाला. ताप आठवड्यात गेला, शीण मात्र मुक्कामाला राहिला. रात्रभर झोपूनही सकाळी उठावे ते दमलेलेच. बोलताना साधा शब्द आठवू नये. एखाद्या दिवशी बरे वाटले म्हणून माळा आवरावा, तर पुढचे तीन दिवस अंथरुणात जावेत.

असे सहा महिन्यांहून अधिक चालले आणि दुसरे कारण सापडले नाही, तर डॉक्टर त्याला ‘क्रॉनिक फटीग सिंड्रोम’ म्हणतात. १९५५ साली लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात अशाच आजाराची साथ येऊन २९२ कर्मचारी आजारी पडले. पुढे १९७० साली दोन मानसोपचारतज्ज्ञांनी तिला सामूहिक उन्माद ठरवले. आजाऱ्यांत बायकाच फार, हे त्यांचे एक कारण! अमेरिकेतील तज्ज्ञांच्या समितीने हा गंभीर शारीरिक आजार आहे असे स्पष्ट सांगितले, ते २०१५ साली.

मात्र प्रत्येक थकवा म्हणजे हाच आजार, असे समजू नका. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. तेव्हा आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, बी-१२ तपासून घ्या. त्यांवर औषध आहे.

या आजारावर हमखास औषध अजून नाही. ‘जरा हिंडाफिरा, व्यायाम वाढवा’ हा सल्ला येथे उलटतो; ठरावीक क्रमाने व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार देऊ नये, असे ब्रिटनच्या मार्गदर्शक सूचनांतही २०२१ साली आले. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही आपली म्हणच खरी. मी कणीक बसून मळते. आंघोळीनंतर अर्धा तास आडवी होते. पाहुणे यायचे असतील तर आदल्या दिवशी दुसरे काम काढत नाही. आणि बरे वाटेल त्या दिवशीही हातचे राखूनच काम करते. हे सर्वांत कठीण!

पण एकटीने हे साधत नाही. आमच्या सासूबाई आता आल्यागेल्याला आपणहून सांगतात, ‘तिचा आजार दिसत नाही, पण आहे.’ या एका वाक्याने मला जेवढा आराम दिला, तेवढा कुठल्या गोळीने दिला नाही.

भगिनींनो, उद्या आपली सून, जाऊ, शेजारीण ‘मला होत नाही’ म्हणाली, तर ‘आम्ही नाही का दमत?’ असे म्हणू नका. तिच्या हातातले काम घ्या आणि तिला डॉक्टरकडे घेऊन जा. एवढे सांगून मी आपली रजा घेते.