आईच्या दुधातील साखर : एक अमोल ठेव
(वार्षिक सभेतील भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आयुष्य जमाखर्च मांडण्यात गेले. तरीही आज एका साखरेविषयी बोलण्याची अनुज्ञा घेतो, कारण अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे प्राण तिच्याशी निगडित आहेत.

आईच्या दुधात दुग्धशर्करा व स्निग्धांश यांच्या खालोखाल घनभाग असतो तो ऑलिगोसॅकराइड नावाच्या शर्करांचा. नवल असे, की बाळाला त्या पचत नाहीत. त्या आतड्यातील हितकारक जंतूंचे पोषण करतात आणि अपायकारक जंतूंना अस्तराला चिकटण्यापासून परावृत्त करतात. अकाली जन्मलेल्या बाळाच्या आतड्याला तीव्र दाह होऊन त्याचा काही भाग मृत होऊ शकतो. हा दाह चेतवणाऱ्या ‘टीएलआर-४’ या ग्राहीला यांतील काही शर्करा आवर घालतात, असे प्रयोगांत दिसले आहे. त्याच ग्राहीला रोखणारा ‘सी-३४’ हा शर्कराजन्य रेणू अमेरिकन शास्त्रज्ञांनी शोधला. त्याने उंदरांमधील दाह कमी झाल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. परंतु प्रयोगशाळेपासून पाळण्यापर्यंतची वाट दीर्घ असते.

तोवर उपाय आईच्या दुधाचाच. ते पुरेसे नसेल तेव्हा दात्या मातेच्या दुधाचा. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये दुग्धपेढी सुरू केली. ती आशियातील पहिली मानली जाते. अशा पेढीत दात्या मातेची रक्ततपासणी होते व दूध ६२.५ अंश सेल्सिअसवर ३० मिनिटे तापविले जाते. त्यात काही संरक्षक घटक घटतात. या शर्करा मात्र जवळजवळ अबाधित राहतात. दात्या मातेच्या दुधाच्या तुलनेत पावडरच्या दुधाने या दाहाचा धोका सुमारे दुप्पट होतो, असे अभ्यासांतून आढळले आहे.

मानवी दुधाची विक्री करता येणार नाही, असे केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२४ मध्ये स्पष्ट केले. ते योग्यच आहे. मात्र त्यामुळे या खात्याला विक्रीची जमा बाजू नाही. यंत्र, शीतपेटी, तपासण्या आणि प्रशिक्षित परिचारिका यांचा खर्च तेवढा आहे. तो समाजाच्या दातृत्वानेच भागू शकतो. छत्रपती संभाजीनगरात अशा सेवेला आपण बळ द्यावे, ही देणगीदारांना विनंती.

आणि कुटुंबीयांना एवढेच सांगणे, की डॉक्टरांनी सुचविल्यास ‘परकीचे दूध’ म्हणून संकोच करू नये. ज्या मातेला दूध अधिक येते, तिने ते द्यावे. सासरच्या वडीलधाऱ्यांनी तिला आशीर्वाद द्यावा. कृष्णाला वाढविणारी यशोदा आपल्याला परकी कधीच वाटली नाही.