प्रश्न तीन पेन्सचा नव्हता

(अमेरिकी स्वातंत्र्यलढ्याच्या आरंभपर्वावर एका व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा संपादित अंश)



अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा विषय निघाला की बॉस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या फेकणारे लोक आपल्या डोळ्यांसमोर उभे राहतात. शालेय पाठ्यपुस्तकाने ते चित्र आपल्याला दिले आणि त्यासोबत एक समजही दिला : इंग्रजांनी कर वाढवले, लोक चिडले आणि स्वतंत्र झाले. हा समज अपुरा आहे. कारण जो चहा त्या दिवशी समुद्रात गेला, तो महागलेला नव्हता. उलट तो पूर्वीपेक्षा स्वस्त मिळणार होता. मग स्वस्त चहा लोकांनी का नाकारला? या एका प्रश्नात त्या लढ्याचे मर्म आहे.

सप्तवार्षिक युद्ध १७६३ मध्ये संपले. फ्रेंचांचा पराभव होऊन कॅनडा इंग्रजांच्या हाती आला. पण ब्रिटनचे राष्ट्रीय कर्ज सुमारे साडेसात कोटी पौंडांवरून तेरा कोटींच्या घरात गेले. अमेरिकेत ठेवलेल्या सैन्याचा खर्च निराळाच. त्याचा काही भार वसाहतींनी उचलावा, असे लंडनला वाटले आणि १७६५ मध्ये मुद्रांक कायदा संमत झाला. न्यायालयीन कागद, परवाने, वृत्तपत्रे, इतकेच काय, पत्ते आणि फासे यांवरही कर बसला.

ब्रिटनमधील सामान्य माणूस भरत होता त्या मानाने हा बोजा हलका होता, हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. वसाहतींचा आक्षेप रकमेला नव्हताच. त्यांच्या स्वतःच्या प्रतिनिधिसभा होत्या आणि अंतर्गत कर तेथे ठरत. ज्या पार्लमेंटमध्ये आमचा एकही प्रतिनिधी नाही, ती आमच्या खिशात हात कसा घालते, हा त्यांचा प्रश्न होता. विशेष म्हणजे हा प्रश्न त्यांनी इंग्रज या नात्यानेच विचारला. संमतीवाचून कर नाही, हे तत्त्व इंग्लंडच्याच इतिहासातून त्यांनी उचलले होते. ऑक्टोबर १७६५ मध्ये न्यूयॉर्क येथे नऊ वसाहतींचे प्रतिनिधी एकत्र आले, तेव्हाही त्यांनी राजनिष्ठेची ग्वाही दिली. स्वातंत्र्याचा उच्चारही त्या सभेत नव्हता.

व्यापारी बहिष्कारापुढे नमून मार्च १७६६ मध्ये पार्लमेंटने तो कायदा मागे घेतला. वाद तेथे मिटू शकला असता. परंतु त्याच वेळी पार्लमेंटने दुसरा कायदा करून, वसाहतींना कोणत्याही बाबतीत बांधून घेण्याचा संपूर्ण अधिकार आपल्याला आहे, असे जाहीर केले. कर गेला, अहंकार राहिला! १७६७ मध्ये काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांवर नवे शुल्क आले. १७७० मध्ये तेही रद्द झाले. फक्त चहावरचे, पौंडामागे तीन पेन्सचे, मुद्दाम ठेवण्यात आले. अधिकार सोडलेला नाही, हे दाखवण्यापुरते!

या दहा वर्षांत वसाहतींमध्ये काय घडत होते, याकडे आपले विशेष लक्ष गेले पाहिजे. आपल्याकडे १९०५ नंतर स्वदेशी आणि बहिष्कार या शब्दांनी जे ओळखले गेले, त्यासारखे बरेच काही तेथे चालले होते. व्यापारी आयातबंदीचे करार करीत होते. स्त्रिया एकत्र जमून सूत कातीत होत्या. घरी विणलेले जाडेभरडे कापड प्रतिष्ठेचे ठरले होते. १७७२ मध्ये सॅम्युएल ॲडम्स यांच्या पुढाकाराने बॉस्टनमध्ये पत्रव्यवहार समिती स्थापन झाली आणि तशा समित्या गावोगावी निघाल्या. एका गावची वार्ता दुसऱ्या गावाला कळू लागली. एरवी एकमेकींशी सीमेवरून भांडणाऱ्या वसाहती परस्परांना ओळखू लागल्या.

याच सुमारास आपल्या भूमीचा संबंध येतो. मुद्रांक कायद्याच्याच वर्षी, १७६५ मध्ये, ईस्ट इंडिया कंपनीला बंगालची दिवाणी मिळाली आणि पाचच वर्षांत बंगाल भीषण दुष्काळात होरपळला. ही कंपनी पुढे आर्थिक संकटात सापडली. तिची गोदामे न विकलेल्या चिनी चहाने भरली होती. तिला तारण्यासाठी १७७३ चा चहा कायदा झाला. कंपनीने थेट अमेरिकेत चहा विकावा. तो स्वस्त पडेल, मात्र तीन पेन्सचे शुल्क कायम राहील. स्वस्ताईच्या मोहाने लोक कर भरतील, म्हणजे आपोआप अधिकारही मान्य करतील, असा तो हिशेब होता. पण कंपनीने आशियात काय केले, याचे दाखले अमेरिकेत पोचले होते. जॉन डिकिन्सन यांनी त्याच वर्षी आपल्या लेखनातून, ही कंपनी आता आपल्याकडे वळत आहे, असा इशारा दिला. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बॉस्टनच्या बंदरात चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात गेल्या.

लंडनने बॉस्टनचे बंदर बंद केले आणि मॅसॅच्युसेट्सच्या स्वशासनावर घाला घातला. एका नगराला उपाशी ठेवले की इतर वचकतील, ही अपेक्षा होती. घडले उलटे. इतर वसाहतींतून बॉस्टनकडे धान्य, तांदूळ, मेंढ्या रवाना झाल्या. सप्टेंबर १७७४ मध्ये फिलाडेल्फियात बारा वसाहतींची काँग्रेस भरली. १९ एप्रिल १७७५ रोजी लेक्सिंग्टनला गोळी सुटली. त्यानंतरही, जुलैमध्ये, काँग्रेसने राजाला समेटाचा अर्ज धाडला. राजाने तो हाती घेतला नाही आणि वसाहतींना बंडखोर ठरवले. शेवटचा दरवाजा त्याने स्वतःच लावून घेतला. जानेवारी १७७६ मध्ये टॉमस पेन यांच्या ‘कॉमन सेन्स’ने राजेशाहीलाच आव्हान दिले आणि ४ जुलैला स्वातंत्र्याचा जाहीरनामा संमत झाला. त्यातील राजाविरुद्धच्या लांबलचक तक्रारींत कराची तक्रार केवळ एका ओळीची आहे! प्रवास कोठून कोठे झाला, ते यावरून ध्यानात यावे.

या लढ्याची काळी बाजूही झाकता कामा नये. संमतीचे तत्त्व सांगणाऱ्या त्या समाजात सुमारे एक पंचमांश माणसे गुलाम होती. त्यांची संमती कोणी विचारली नाही. मूळ निवासी जमातींचीही नाही. त्या विसंगतीची किंमत त्या राष्ट्राला पुढे यादवी युद्धात मोजावी लागली.

तरीही एक गोष्ट उरते. राज्यकर्ता सवलत देतो तेव्हा ती कशाच्या बदल्यात, हे विचारणारा समाजच स्वतंत्र होण्याच्या लायकीचा असतो. आणि तो प्रश्न संतापाच्या एका रात्रीत टिकत नाही. त्यामागे दहा वर्षांचे पत्रव्यवहार, बैठका, कातलेले सूत आणि शेजारच्या गावासाठी पाठवलेले धान्य असावे लागते. बॉस्टनच्या पेट्या सर्वांना दिसतात. ते सूत आणि ते धान्यही आपल्याला दिसावे, एवढीच अपेक्षा व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो.