विस्मृत लोकप्रियता : जी. डब्ल्यू. एम. रेनॉल्ड्स
(शताब्दी व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाची संहिता)



शताब्दीच्या प्रसंगी एखाद्या थोर साहित्यिकाचे गुणगान करावे, असा संकेत आहे. मी आज ज्याच्याविषयी बोलणार आहे, त्याला त्याच्या देशातील समीक्षकांनी थोर मानले नाही. आजच्या बहुसंख्य वाचकांना त्याचे नावही ठाऊक नसेल. तरीही आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत इंग्रजी शिकलेल्या तरुणाच्या हाती डिकन्सच्या आधी पुष्कळदा याच लेखकाची कादंबरी पडत असे. तो लेखक म्हणजे जॉर्ज विल्यम मॅकार्थर रेनॉल्ड्स.

रेनॉल्ड्सचा जन्म १८१४ साली केंट परगण्यातील सँडविच या गावी झाला. वडील आरमारात अधिकारी होते. मुलाने लष्करात जावे म्हणून त्याला सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयात घालण्यात आले. परंतु १८३० साली त्याने ते शिक्षण सोडले आणि पुढे पॅरिस गाठले. तेथील राज्यक्रांतीच्या वातावरणाने आणि फ्रेंच साहित्याने त्याच्या मनाची घडण केली. तेथेच त्याचा विवाह झाला, तेथेच त्याने वडिलार्जित पैसा गमावला आणि रिकाम्या हातांनी तो इंग्लंडला परतला. त्यानंतर लेखणी हेच त्याचे उपजीविकेचे साधन झाले. डिकन्सचा 'पिक्विक' लोकांच्या जिभेवर होता, तेव्हा याने त्याच पात्रांना फ्रान्सच्या सफरीवर पाठवणारी 'पिक्विक अब्रॉड' लिहिली. डिकन्सला हे रुचणे शक्यच नव्हते, आणि उभयतांमधील कटुता पुढेही टिकली.

रेनॉल्ड्सची खरी कीर्ती सुरू झाली ती १८४४ साली, 'मिस्टरीज ऑफ लंडन'पासून. फ्रान्समध्ये यूजेन स्यू याने पॅरिसची रहस्ये लिहून जो धुमाकूळ घातला होता, त्यावरून ही कल्पना सुचली. दर आठवड्याला आठ पानांचा, दोन स्तंभांत दाट छापलेला, एका चित्रासह एक अंक, आणि किंमत अवघी एक पेनी! कथानक रिचर्ड आणि यूजीन मार्कहॅम या दोन भावांचे. दोघे भिन्न वाटांनी निघतात आणि बारा वर्षांनी ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या झाडांखाली भेटण्याचा शब्द देतात. एक सचोटीने चालतो, दुसरा लबाडीने श्रीमंत होतो. या दोन धाग्यांमध्ये प्रेते उकरून विकणारे, गुन्हेगारांचे अड्डे, सरदारांचे वाडे, तुरुंग आणि सावकारी पेढ्या असे सारे लंडन गुंफलेले आहे. या मालिकेनंतर 'मिस्टरीज ऑफ द कोर्ट ऑफ लंडन' सुरू झाली, आणि ती १८५६ पर्यंत चालली.

हे अंक वाचत कोण होते? लंडनच्या श्रमजीवी वर्गाची पाहणी करणाऱ्या हेन्री मेह्यू याने नोंदवून ठेवले आहे, की रस्त्यावर भाजीपाला व फळे विकणाऱ्या, बहुतांशी निरक्षर असलेल्या माणसांना कोणी मोठ्याने वाचून दाखवले की ते तल्लीन होऊन ऐकत, आणि त्यांची सर्वाधिक आवड रेनॉल्ड्सच्या लेखनाला असे. ज्या समाजात एकाने पोथी वाचावी आणि आळीने ऐकावी अशी रीत होती, त्या आपल्या समाजाला या दृश्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. अक्षर न येणारा माणूसही साहित्याचा रसिक असू शकतो.

रेनॉल्ड्स केवळ मनोरंजन करीत नव्हता. 'सीमस्ट्रेस' या त्याच्या कादंबरीत शिवणकाम करणाऱ्या मुलीची कहाणी आहे. श्रीमंत स्त्रीने मोजलेली किंमत दुकानदार आणि मध्यस्थ यांच्या हातांतून झिरपत झिरपत त्या मुलीपर्यंत पोहोचते, तेव्हा तिच्या पदरात चार नाणी उरतात, हे त्याने उलगडून दाखवले. १८४८ च्या मार्च महिन्यात ट्रॅफल्गर चौकात प्राप्तिकराविरुद्ध सभा भरणार होती. पोलिसांनी मनाई करताच संयोजकाने माघार घेतली. जमलेल्या समुदायाने रेनॉल्ड्सला अध्यक्षस्थानी बसवले आणि एका रात्रीत कादंबरीकाराचा पुढारी झाला. कामगारांना मताधिकार मागणाऱ्या चार्टिस्ट चळवळीच्या कार्यकारिणीवर तो निवडून आला. १८५० साली त्याने काढलेले साप्ताहिक नावे बदलत १९६७ पर्यंत चालू होते.

त्याच्या दोषांवर पांघरूण घालण्याचे कारण नाही. त्याचे लेखन घाईचे आहे, प्रसंग भडक आहेत, शृंगार पुष्कळदा केवळ अंक खपावा म्हणून आलेला आहे. गरिबांची बाजू घेता घेता तो स्वतः धनवान झाला, हा आक्षेप त्याच्या हयातीतच घेतला गेला. त्याच्याच चळवळीतील अर्नेस्ट जोन्स याने त्याच्यावर अब्रुनुकसानीचा दावा लावला आणि १८५९ साली तो जिंकला. १८७९ साली रेनॉल्ड्स वारला, तेव्हा खपाच्या बाबतीत त्याने डिकन्सलाही मागे टाकले होते, असे पुस्तक-व्यवसायातील जाणकार म्हणत. पण पेनीचे अंक जपून ठेवण्याची वस्तू नव्हते. वाचले, दुसऱ्याला दिले, फाटले, आणि लेखकही विसरला गेला.

इंग्लंडमध्ये तो विसरला जात असताना हिंदुस्थानात मात्र त्याला नवे आयुष्य लाभले. स्वस्त आवृत्त्या बोटीने येत होत्या, आणि देशी भाषांत भाषांतरे-रूपांतरे होत होती. उर्दू भाषांतरांतून रेनॉल्ड्स वाचण्याच्या आपल्या लहानपणच्या वेडाविषयी प्रेमचंदांनी स्वतः लिहिले आहे. मराठीत याहून महत्त्वाची गोष्ट घडली. हरि नारायण आपटे यांची पहिली कादंबरी 'मधली स्थिती' १८८५ साली 'पुणे वैभव'मध्ये क्रमशः येऊ लागली. रेनॉल्ड्सच्या 'मिस्टरीज ऑफ ओल्ड लंडन'च्या आधारे ती रचलेली आहे, असे अभ्यासक सांगतात. मात्र हरिभाऊंनी लंडनच्या जागी पुणे आणले, आणि इंग्रजी शिक्षणाने गोंधळलेला आपला मध्यमवर्ग त्या साच्यात ओतला.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. त्यापूर्वीची मराठी कादंबरी, 'मुक्तामाला' किंवा 'मंजुघोषा' पाहा, राजपुत्र, राजकन्या आणि अद्भुत योगायोग यांत रमलेली होती. शहर हाच कादंबरीचा विषय होऊ शकतो, रस्त्यावरचा माणूस नायक होऊ शकतो, आणि आठवड्याच्या अंकातून समाजाला त्याचे तोंड दाखवता येते, हे धडे हरिभाऊंनी ज्या अनेक ठिकाणांहून घेतले, त्यांत रेनॉल्ड्स एक होता. पुढे १८९० साली त्यांनी 'करमणूक' काढले आणि 'पण लक्षात कोण घेतो?' त्यातून क्रमशः प्रसिद्ध केली. यमूचे दुःख सांगणारी ती कादंबरी रेनॉल्ड्सच्या कितीतरी पुढे गेलेली आहे. पण पुढे जाण्यासाठी कोठून तरी निघावे लागते. तथाकथित हलक्या साहित्यातून थोर साहित्याची वाट जाते, ती अशी.

म्हणून ग्रंथालयाच्या चालकांना एक विनंती करून मी थांबणार आहे. जागेची अडचण प्रत्येक जुन्या ग्रंथालयाला आहे. दहा-वीस वर्षांत एकदाही देवघेव न झालेली पुस्तके बाद करावीत, हा ठराव सर्वत्र येतो आणि मुकाट्याने संमत होतो. अभिजात ग्रंथांना त्यापासून भय नाही. त्यांची प्रत कोठेही मिळेल. पहिला घाव बसतो तो पिवळ्या पडलेल्या, पुठ्ठा निघालेल्या, लेखकाचे नावही पुसट झालेल्या कादंबऱ्यांवर. त्यांतच कोणते तरी रूपांतर, कोण्या विसरलेल्या भाषांतरकाराचे श्रम दडलेले असतात. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या ग्रंथालयांत अशी एखादी प्रत कदाचित शेवटची असेल. ती गेली, तर आपले पूर्वज काय वाचून हसले, रडले आणि विचार करू लागले, याचा पुरावाच नाहीसा होईल. रेनॉल्ड्सचा अभ्यास इंग्लंडमध्ये पुन्हा सुरू झाला आहे. त्याच्यावर अभ्यासकांचा एक लेखसंग्रह २००८ साली निघाला. ते शक्य झाले, कारण कोणीतरी ते टाकाऊ समजले गेलेले अंक बांधून ठेवले होते.

बाद करण्यापूर्वी निदान त्यांची यादी करावी, आणि जाणत्या माणसाची नजर तिच्यावरून एकवार फिरू द्यावी. शंभर वर्षे ज्या ग्रंथालयाने वाचकाला त्याची आवड विचारली, आणि आवडीवरून त्याला हिणवले नाही, त्या ग्रंथालयाला एवढे मागणे जड होऊ नये.