तहावरची सही आणि घरातली शांतता



आपल्या खारेपाटणचे नाव इतिहासाच्या ग्रंथांत येते ते ताम्रपटांमुळे. त्यांतला एक शके 930 चा, म्हणजे इ. स. 1008 चा, शिलाहार रट्टराजाचा. जवळच्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी तो वाचून प्रसिद्ध केला. अशी दानपत्रे देणाऱ्या राजांना एकच घोर असे: आपला शब्द मागून येणारे पाळतील काय? म्हणून पत्राच्या शेवटी पुढील राजांना विनवणी असे आणि शब्द मोडणाऱ्यास शापही असे. पहिल्या महायुद्धानंतर शांततेचा मसुदा घेऊन बसलेले अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांना हाच घोर लागावयास हवा होता. तो वेळीच लागला नाही, ही आजची कथा.

8 जानेवारी 1918 रोजी विल्सननी आपली चौदा कलमे जगापुढे ठेविली. पुढे राष्ट्रांच्या स्वयंनिर्णयाची भाषाही ते बोलू लागले. ते शब्द आपल्यापर्यंतही पोचले. खारेपाटण तेव्हा रत्नागिरी जिल्ह्यात होते आणि त्याच जिल्ह्यात जन्मलेले लोकमान्य टिळक 1918 च्या अखेरीस विलायतेत होते. डिसेंबरातील दिल्ली काँग्रेसने शांतता परिषदेसाठी टिळक, गांधी आणि हसन इमाम यांची नावे ठरविली. पण टिळकांना पॅरिसला जाण्याचा परवाना मिळाला नाही. 11 मार्च 1919 रोजी त्यांनी परिषदेचे अध्यक्ष क्लेमांसो यांस पत्र लिहून हिंदुस्थानची बाजू मांडली. विल्सननाही लिहिले. तिकडून सौजन्याचे उत्तर आले. दार मात्र उघडले नाही. या युद्धात आपले दहा लाखांहून अधिक लोक समुद्रापार गेले होते आणि मराठा पलटणींनी कूतच्या वेढ्यात उपासमार सोसली होती. पण 28 जून 1919 रोजी व्हर्सायच्या तहावर हिंदुस्थानच्या वतीने सह्या झाल्या त्या भारतमंत्री माँटेग्यू आणि बिकानेरचे महाराज यांच्या.

त्याच परिषदेत जपानने मागणी केली की, राष्ट्रसंघाच्या करारात सर्व राष्ट्रांच्या समतेचे तत्त्व घालावे. जपानचा रोख वर्णभेदावर होता. 11 एप्रिल रोजी समितीतील 17 मतांपैकी 11 मते बाजूने पडली. अध्यक्षस्थानी विल्सन होते. एकमत नाही, सबब ठराव नामंजूर, असा त्यांनी निर्णय दिला. श्रोतेहो, जे तत्त्व पॅरिसच्या मेजावर नाकारले गेले, त्याचा अभाव अमेरिकेच्या अंगणात कसा उगवला ते आता पाहू.

साडेतीन लाखांहून अधिक निग्रो शिपाई त्या युद्धात अमेरिकेच्या गणवेशात होते. लोकशाहीसाठी लढून ते घरी परतले आणि घरी काय पाहिले? 27 जुलै 1919 रोजी शिकागोत दंगल पेटली. तीत 38 माणसे मेली. इतर अनेक शहरांतही त्या उन्हाळ्यात रक्त सांडले. महागाईने गांजलेल्या सुमारे 40 लाख कामगारांनी त्या वर्षी संप केले. बोल्शेव्हिकांच्या भीतीने परदेशी कामगारांची धरपकड झाली. एक गोष्ट मात्र प्रांजळपणे सांगितली पाहिजे: 1920 साली अमेरिकन स्त्रियांना देशभर मताचा हक्क मिळाला, आणि युद्धकाळातील त्यांच्या कामाचा त्यास हातभार होता. युद्ध समाजाला नुसते मोडत नाही, कधी कधी हलवूनही जागे करते.

अशा अस्वस्थ घरात विल्सन तह घेऊन आले. सिनेटची दोनतृतीयांश संमती लागत होती. विरोधकांच्या अटी मानण्याऐवजी ते जनतेकडे दौऱ्यावर निघाले, वाटेत आजारी पडले आणि ऑक्टोबर 1919 मध्ये पक्षाघाताने अंथरुणाला खिळले. 19 मार्च 1920 रोजी अखेरचे मतदान झाले: 49 विरुद्ध 35. सात मते कमी पडली. ज्याने राष्ट्रसंघाची कल्पना जगाच्या गळी उतरविली, त्याचेच राष्ट्र संघाबाहेर राहिले.

मग घराने दारे लावून घेतली. 1921 आणि 1924 च्या कायद्यांनी परदेशीयांचा प्रवेश आवळला; 1924 च्या कायद्याने जपान्यांना बंदीच झाली. भगतसिंग थिंद या पंजाबी गृहस्थाने 1918 साली अमेरिकन सैन्यात चाकरी केली होती. 1923 साली सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, ते गोरे नाहीत, सबब नागरिक होऊ शकत नाहीत. त्यांची बाजू मांडणारे वकील होते सखाराम गणेश पंडित, मुंबई इलाख्यातून गेलेले. पुढे सरकारने पंडितांचेच 1914 साली मिळालेले नागरिकत्व काढून घेण्याचा दावा लावला. पंडित हटले नाहीत. सरकारने तेव्हा अपील केले नाही, आता दिलेला निर्णय फिरविता येणार नाही, हे त्यांचे म्हणणे 1926 साली अपील न्यायालयाने मान्य केले. दिलेला शब्द पाळा, एवढेच एका हिंदी माणसाने अमेरिकेला सांगितले आणि ते जिंकले.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका थोडी शहाणी झाली. जुलै 1945 मध्ये तिच्या सिनेटने संयुक्त राष्ट्रांची सनद 89 विरुद्ध 2 मतांनी मान्य केली, आणि 1946 च्या कायद्याने हिंदी लोकांना नागरिकत्वाचे दार किलकिले झाले. वर्षाला शंभरांचीच वाट, पण वाट.

आपल्या गावातही बांधाचा तंटा मिटतो, पंच उठतात, कागदावर अंगठे उमटतात. पण घरी बसलेल्या भावजयीला, धाकट्या भावाला, गड्यामाणसाला विचारलेच नसेल तर पहिल्या पावसात बांध पुन्हा फुटतो. सही करणाऱ्याने शांतता सुरू होते. ती टिकते सहीपासून दूर ठेवलेल्यांच्या समाधानाने. ताम्रपट टिकला तो तांब्यामुळे. त्यावरचा शब्द टिकणे माणसांच्या हाती असते.