दिसते आहे, तोवरच पाहावे
(सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित आरोग्य व्याख्यानातील भाषण)



नेत्रशिबिर म्हटले की वृद्ध रुग्ण आणि मोतीबिंदू आठवतो. आज मी आपले लक्ष वेगळ्या रुग्णाकडे वेधू इच्छितो. तो पंधरा-वीस वर्षांचा आहे. त्याला स्पष्ट दिसते, आणि म्हणूनच तो शिबिरात येत नाही.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात सिकलसेल हा आनुवंशिक आजार आढळतो. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने आपल्या कार्याच्या आरंभकाळातच गडचिरोलीत त्याचा अभ्यास केला होता. या आजारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या व ताठर होऊन सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात. अंगदुखी घरच्यांना कळते. डोळ्यातील हानी कळत नाही.

दृष्टिपटल म्हणजे सुमारे पाव मिलिमीटर जाडीचा पडदा. मामा तलावाचे पाणी कमी झाले की पाटाच्या शेवटच्या टोकाची बांधी आधी सुकते, तलावाजवळची हिरवी राहते. येथेही तसेच घडते. रक्तपुरवठा प्रथम पडद्याच्या कडेला तुटतो. वाचनाचे काम मात्र मध्यभाग करतो, म्हणून तक्त्यावरील अक्षरे नीट वाचता येतात. पुढे कडेला नाजूक नव्या वाहिन्या फुटतात. त्यांतून रक्तस्राव होतो, क्वचित पडदाही सुटतो, आणि दृष्टी एकाएकी जाते.

हा प्रवाह पाहण्यासाठी 1961 पासून शिरेत रंगद्रव्य टोचून छायाचित्रे घेण्याची पद्धत आली. 1991 मध्ये प्रकाशाच्या साहाय्याने पडद्याचे थर दाखवणारे ओ.सी.टी. तंत्र प्रसिद्ध झाले. त्याचेच पुढचे रूप म्हणजे ओ.सी.टी. अँजिओग्राफी. यात एकाच जागेची प्रतिमा काही सहस्रांश सेकंदांच्या अंतराने पुनःपुन्हा घेतात. स्थिर ऊती तशीच राहते. वाहत्या रक्तपेशींमुळे प्रतिमा बदलते. त्या फरकातून रक्तवाहिन्यांचा नकाशा तयार होतो. जेथे प्रवाह थांबला, तेथे काळी जागा दिसते. सुई नको, रंगद्रव्य नको. रक्ताचा प्रत्यक्ष वेग मोजायचा असल्यास डॉप्लर तत्त्वावरील निराळी पद्धत लागते.

मात्र यंत्र सर्वस्व नव्हे. नेहमीचे यंत्र मुख्यतः मध्यभाग दाखवते. कडेचा भाग पाहण्यासाठी थेंब घालून बाहुली मोठी करून नेत्रतज्ज्ञांनी तपासणे अनिवार्य आहे. अमेरिकेतील 2014 च्या मार्गदर्शक सूचनांत सिकलसेल रुग्णांची अशी तपासणी वयाच्या दहाव्या वर्षापासून, आणि दोष नसल्यास पुढे दर एक-दोन वर्षांनी करावी, असे सुचवले आहे. दोष वेळेत सापडल्यास लेझर उपचाराने रक्तस्रावाचा धोका कमी करता येतो.

1 जुलै 2023 रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले आणि रक्ततपासणीनंतर कार्डे दिली जाऊ लागली. सेवाभावी संस्थांना माझी नम्र विनंती आहे की, शिबिरात नाव नोंदवताना एकच प्रश्न विचारावा : “घरात कोणाला सिकलसेल आहे काय?” केवळ वाहक असलेल्यास सहसा हा धोका नसतो, पण रुग्ण असलेल्या मुलाला, त्याची तक्रार नसली तरी, तपासणीसाठी आवर्जून बोलवावे. गेलेली दृष्टी परत आणणे कठीण. असलेली राखणे आपल्या हाती आहे.