बेचिराख गावांचे दप्तर
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



ज्या गावात सांजेला दिवा लागत नाही, ते बेचिराख. फारसी ‘बे-चिराग’वरून आलेला हा शब्द महसुली दप्तरात ओसाड गावांच्या नावांपुढे बसला, अवधच्या दप्तरांतही तो आहे. वस्ती उठल्यावर उरलेल्या टेकाडाला तिकडे ‘डीह’ किंवा ‘खेडा’ म्हणतात, आपल्याकडे पांढरी. चुलींची राख, शेण, पडक्या भिंतींची माती पिढ्यान्‌पिढ्या साचून ती जमीन पांढुरकी होते. भोवतीची कसलेली ती काळी.

लखनौ म्हटले की 1784च्या दुष्काळात आसफउद्दौला नबाबाने बांधावयास घेतलेला बडा इमामबाडा आठवतो. त्याच जिल्ह्यात, मोहनलालगंज तहसिलीत, करेला तलावाकाठी हुलासखेडा हे टेकाड आहे. उत्तर प्रदेशाच्या पुरातत्त्व खात्याने 1978-79 पासून तेथे अनेक हंगाम उत्खनन केले. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकापासून गुप्तकाळापर्यंतचे थर उलगडले. कुषाणकालीन विटांचा रस्ता दिसला. इमामबाडा बांधवणाऱ्याचे नाव सर्वांस ठाऊक आहे. या विटा रचणाऱ्यांची साक्ष केवळ मातीत आहे.

महाराष्ट्रात घोड नदीकाठच्या इनामगावी डेक्कन कॉलेजने 1968 ते 1982 या काळात अशीच साक्ष वाचली. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या खेड्यातील शंभराहून अधिक घरे, पाण्याचा पाट आणि बांध उजेडात आले. राजाच्या शिलालेखाविना शेतकऱ्याचा इतिहास लिहिता आला.

ही साक्ष मात्र नाजूक असते. खापराचा तुकडा कोणत्या थरात होता, यावरूनच त्याचा काळ ठरतो. थर मोडला की तुकडा मुका होतो. पांढरीची माती खतासाठी वा घराच्या धाब्यासाठी गाड्या भरून नेण्याची रीत जुनी आहे. त्यात दुष्टावा नाही, पण दप्तर मात्र फाटत जाते.

1958च्या कायद्याने किमान शंभर वर्षे जुन्या अवशेषांना संरक्षण देता येते. तथापि संरक्षणाचा फलक थोड्याच टेकाडांच्या वाट्याला येतो. उरलेल्यांचे राखणदार गावकरीच. सुटीत गावी जाणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनी व पालकांनी मुलांना एकदा पांढरी दाखवावी. खापर दिसल्यास ते न उचलता जागा टिपून पुरातत्त्व खात्यास कळवावे. दिवा विझलेल्या गावांचे एवढे ऋण फेडता येण्याजोगे आहे.